बँकसाहेबांचा घोडा

५ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून मी अधिकृत भविष्यवेत्ता झालो. निळी टोपी, छातीवर मैदानाच्या कार्यालयाने दिलेला बिल्ला आणि पायाखाली लाकडी खोकं. याच खोक्यावर माझे सासरे मोरिशिता गेंजिरो चाळीसेक वर्षं उभे राहिले आणि शर्यतींचे अंदाज विकत आले. शंभर येनला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर शिक्क्याने उमटवलेले घोड्यांचे नंबर. उन्हाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता घशातून नुसती हवा येते. ती हवासुद्धा ते मला नावं ठेवण्यापुरतीच खर्च करतात.

ठेल्याचं नाव ‘खंड्या’. पाटीवर निळा पक्षी पाण्यात सूर मारतोय. सासरेबुवांनी वर्षअखेरीला शिफारसपत्रावर शिक्का मारला तर ठेला माझ्या नावावर होईल. नाही मारला तर कार्यालय ही जागा सोडत काढून दुसऱ्याला देईल. माझं वय एकोणपन्नास. मी नोकरीला होतो ती पतपेढी मोठ्या बँकेत विलीन झाली तेव्हा आम्हा सगळ्यांचं मूल्यमापन झालं. त्यासाठी मीच पूर्वी तयार केलेला तक्ता वापरला गेला आणि त्यात मी ‘क’ श्रेणीत निघालो, म्हणजे नोकरी गेली. तक्ता उत्तम होता, हे माझं आजही मत आहे.

आज सहा चिठ्ठ्या विकल्या गेल्या. त्यातल्या दोन सासरेबुवांची तब्येत विचारायला आलेल्यांनी भीड म्हणून घेतल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

माझी पद्धत इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर उत्तर तयार असेल. वीस वर्षं मी कर्जाचे अर्ज तपासले. घोडा म्हणजे कर्जदार. मागच्या शर्यतींतले क्रमांक म्हणजे परतफेडीचा इतिहास, प्रशिक्षक म्हणजे जामीनदार, पाठीवरचं वजन म्हणजे आधीचा बोजा. सगळ्याला गुण द्यायचे, बेरीज करायची. ‘अ’ श्रेणीतला सर्वांत वरचा घोडा तो आपला मुख्य घोडा. यात धोका आहे, पण तो मोजलेला आहे. बाकीचे ठेलेवाले ओरडतात, हातवारे करतात, घोड्याच्या डोळ्यांतली चमक वगैरे सांगतात. मी बेरीज सांगतो.

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाकडे मी जात नाही. एक तर घोड्यांच्या केसांनी मला शिंका येतात. दुसरं म्हणजे, कर्जदाराचा चेहरा बघून कर्ज दिलं की ते बुडतं. सासरेबुवा मात्र आयुष्यभर त्या कठड्याला टेकून उभे राहिले. घोड्याचे कान, घाम, शेपटी बघून ते अंदाज द्यायचे. मी हे अशास्त्रीय असल्याचं त्यांना नम्रपणे सांगितलं. ते काहीतरी पुटपुटले. माझ्या बायकोने, फुमिनोने, मला त्याचा अर्थ सांगायला नकार दिला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभरात माझा एकही मुख्य घोडा पहिल्या तिनांत आला नाही. नमुना फार लहान आहे. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं चूक.

ठेल्यासमोर रोज एक शिगेमात्सु नावाचे गृहस्थ उभे असतात. बंदरात क्रेन चालवायचे, आता निवृत्त. कानावर लाल पेन्सिल, हातात आतड्यांच्या रश्श्याचा वाडगा. सासरेबुवांचे जुने गिऱ्हाईक. आज सहाव्या शर्यतीनंतर ते म्हणाले, “बँकसाहेब, तुमचा हा घोडा सगळे घेत होते, आणि तो शेवटून दुसरा आला.” मी म्हटलं, होतं असं कधीकधी. त्यावर ते म्हणाले, “कधीकधी नाही. मी चिठ्ठ्यांच्या मागे लिहून ठेवलंय.” आणि माझ्याकडे फार आदराने बघत राहिले.

एवढ्या बारकाईने माझ्या अंदाजांचा अभ्यास करणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कळलं की माणूस किती चांगला असतो. या धंद्यात एक रीत आहे. चिठ्ठीमुळे गिऱ्हाइकाला पैसे मिळाले की तो परत येऊन ठेलेवाल्याच्या हातात पाकीट देतो. खुशीचं पाकीट. सासरेबुवांच्या काळी अशा पाकिटांनी खिसा फुगायचा म्हणे.

आज आठव्या शर्यतीत माझा घोडा सातवा आला. तरी शिगेमात्सुसान आले आणि कमरेत वाकून पाकीट देऊन गेले. त्यांच्यामागोमाग एक टॅक्सीवाला, मग रश्श्याच्या गाडीवरच्या ओताके मावशी. मी म्हटलं, मावशी, अहो घोडा हरला. त्या म्हणाल्या, “माहितेय ना, पोरा. असाच राहा.”

अपयशात पाठीवर हात ठेवणारी अशी माणसं पतपेढीत वीस वर्षांत भेटली नाहीत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चाळीस चिठ्ठ्या. पलीकडचा ठेलेवाला तीस वर्षं गळा फोडून ओरडतोय, त्याच्या बारा गेल्या. त्याचा घोडा जिंकला, माझा पडता पडता वाचला, आणि तरी रांग माझ्यासमोर. शेवटी लोकांना पद्धत लागते. पहिल्या महिन्यात निकाल नसतात, विश्वास असतो.

फुमिनो आता रोज मैदानावर येते. सकाळी जेवणाचा डबा भरताना विचारते, “आज सगळ्यात जास्त खात्री कुठल्या शर्यतीत?” मी सांगतो. मग विचारते, “किती?” मी टक्क्यांत सांगतो. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामात एवढा रस कधी घेतला नव्हता. मी खात्री जास्त सांगितली की तिचा चेहरा खुलतो. मैदानावर ती थेट शिगेमात्सुसान आणि मंडळींकडे जाते, बहुधा माझी बाजू समजावून सांगायला.

आज मी एका घोड्याबद्दल “नव्वद टक्के” म्हणालो. तो दहावा आला. येताना तिने ईल माशाचा डबा आणला. महाग असतो. म्हणाली, आज मन झालं.

५ डिसेंबर, गुरुवार

दुपारी एक अप्रिय प्रसंग. तिसऱ्या शर्यतीत माझा घोडा दुसरा आला. महिनाभरात पहिल्या तिनांत आलेला हा पहिलाच. मी खोक्यावरून समाधानाने बघत होतो, तर समोर शुकशुकाट. एकही पाकीट नाही. टॅक्सीवाल्याने चिठ्ठी चुरगाळून बुटाखाली घातली. ओताके मावशींनी वाडग्यात रस्सा वाढला, पण मुळ्याचे तुकडे मोजून दोन.

यश लोकांना सहन होत नाही, हे पतपेढीतही पाहिलं होतं. शिगेमात्सुसान तेवढे मोठ्या मनाचे. म्हणाले, “घसरतो माणूस एखाद्या वेळी. मनाला लावून घेऊ नका.” कशाबद्दल ते मला कळलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

सासरेबुवा काठी टेकत ठेल्यावर आले, थंडीसाठी टोपीवर टोपी घालून. रांग पाहिली, पाकिटं पाहिली, निकालाच्या फलकावर माझ्या घोड्याचा नंबर कुठेच नाही हेही पाहिलं. मग हसायला लागले. आवाज नसलेल्या माणसाचं हसणं बघवत नाही, नुसतं अंग हलतं. खोकला येईपर्यंत हसले.

मी शिफारसपत्राचा विषय काढला. त्यांनी खुणेने जवळ बोलावलं आणि हवेच्या आवाजात म्हणाले, “वर्षअखेरीच्या मोठ्या शर्यतीला येतो. तुझी माणसं त्या दिवशी खूश घरी गेली तर शिक्का.”

माणसं खूश, असं म्हणाले. घोडा जिंकला तर, असं म्हणाले नाहीत. म्हातारपणी शब्द घसरतात.

२० डिसेंबर, शुक्रवार

मोठी शर्यत एकोणतीस तारखेला. बारा घोडे. माझ्या बेरजेत तीन नंबरचा ओकिनामी सगळ्यांच्या वर आहे, एवढे गुण मी आजवर कुठल्याच घोड्याला दिले नव्हते. सात नंबरचा शिनोबु तेत्सुबिन ‘क’ श्रेणीत. तेत्सुबिन म्हणजे लोखंडी किटली, आणि अशी किटली कुणी तारण म्हणूनसुद्धा ठेवून घेणार नाही.

शिगेमात्सुसान सांगत होते की नवीन वर्षाला ते दरवर्षी कागोशिमाला मुलीकडे जातात. यंदा तिसरं नातवंड झालंय. विमानाचं भाडं आणि पोरांच्या हातावर ठेवायची पाकिटं असं सगळं बाजूला काढून ठेवलंय, तेच या शर्यतीत थोडं वाढवून घ्यावं असा विचार आहे. मी त्यांना जबाबदार माणसासारखं बजावलं की हा धोका आहे. ते म्हणाले, “मोजलेला आहे, साहेब. तुमच्याकडूनच शिकलो.”

मला भरून आलं.

२९ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते मला नीट कळलेलं नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

सकाळी फुमिनोने विचारलं, किती खात्री. मी पंच्याण्णव म्हणालो. ती जवळजवळ पळतच बाहेर पडली.

दुपारी सासरेबुवा आले आणि खुर्ची लावून रिंगणाच्या कठड्याशी बसले. मोठ्या शर्यतीचे घोडे फिरायला लागले, आणि मी नाकाला रुमाल लावून लांबून घोड्यांकडे नाही, तर सासरेबुवांकडे बघत होतो. शिक्का त्यांच्या खिशात होता. सगळे घोडे दोनदा समोरून गेले. तीन नंबर गेला तेव्हा म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. सात नंबर आला की मात्र त्यांची मान त्याच्याबरोबर वळत जायची.

माझ्या पायांखालचं खोकं हललं असं वाटलं. जवळजवळ दोन महिने मी माझ्या बेरजेशी इमानदार राहिलो होतो. पण आज प्रश्न ठेल्याचा होता. तीनचा शिक्का उचललेला खाली ठेवला आणि सातचा उचलला.

चिठ्ठी घेताना शिगेमात्सुसान थबकले. विचारलं, “सात? सकाळी घरून तीनचा निरोप होता.” मी म्हटलं, ताज्या माहितीवरून फेरविचार केलाय. “खात्री?” शंभर टक्के, मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा शंभर हा आकडा वापरला. त्यांनी लाल पेन्सिलीने सातावर जाड काट मारली. मला वाटलं, खूण करताहेत.

तेत्सुबिन जिंकला. चार घोड्यांच्या लांबीइतका पुढे. तिकिटांच्या खिडकीवर असा भाव मिळाला की अख्खं मैदान ओरडलं. माझ्यासमोरचे तीसेकजण सोडून. ते तयारीने मयताला आल्यासारखे उभे होते. मी खोक्यावर हात उंचावून उभा होतो, कारण आता पाकिटं येतील अशी माझी समजूत होती.

शिगेमात्सुसान पुढे आले. त्यांनी लाल पेन्सिल कानावरून काढली, खोक्याच्या कडेवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, असं नाही करायचं. आम्ही तुमच्यावर विसंबून होतो.” आणि गेले.

सासरेबुवा शिक्का न मारता घरी गेले. वाटेत फुमिनो माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मी जिंकलोय, हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं.

३० डिसेंबर, सोमवार

फुमिनो सकाळी भांडी घासता घासता बोलली. पाठमोरीच.

म्हणाली, “तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?”

मग सगळं सांगितलं. बारा घोड्यांत कुठला घ्यावा हे देवालाही कळत नाही, पण कुठला सोडावा हे कळलं तर निम्मं काम होतं. आणि जो घोडा सगळं मैदान घेतंय तोच सोडता आला, तर उरलेल्यांवर भाव भरपूर मिळतो. शिगेमात्सुंनी दुसऱ्याच आठवड्यात ताडलं की मी ज्याच्यावर ठाम असतो तो घोडा येत नाही. कारणही साधं होतं, तिच्या बापाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी मागच्या यशाला गुण देतो. जो घोडा महिनाभर पळून पळून जिंकलाय तो दमलेला असतो, वर त्याला वजनही वाढवून दिलेलं असतं. हे रिंगणात उभं राहिलं की दिसतं. मी उभा राहत नाही. म्हणून मी घोडा दमण्याची इतकी अचूक वेळ साधतो की ती त्यांना स्वतःलाही साधता आली नसती.

मी विचारलं, आणि टक्के? ती म्हणाली, टक्के ती स्वतः जाऊन मंडळींना सांगायची. नव्वदच्या वर असलं की मोठा डाव. “ईल त्याचंच होतं,” म्हणाली.

  भांडी संपली तरी नळ तिने उगाच चालू ठेवला होता.

थोडक्यात, गावात माझी पत उत्तम आहे. फक्त उलटी.

३१ डिसेंबर, मंगळवार

वर्षअखेरीचे सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खायला सासरेबुवांकडे. ते चमच्याने रस्सा पितात, सोबा त्यांना गिळवत नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, सात नंबर माझ्या बेरजेत कितवा होता. मी खरं सांगितलं. अकरावा. मग विचारलं, तुझा स्वतःचा कुठला होता. तीन. तो कितवा आला? शेवटून दुसरा.

“म्हणजे तू तुझ्याशी इमानदार राहिला असतास,” सासरेबुवा म्हणाले, प्रत्येक शब्दाला थांबत, “तर शिगेमात्सु आज कागोशिमाला असता.”

मी म्हटलं, मी तुमचा घोडा सांगितला. तुमचाच. तो जिंकला. त्यांनी मान हलवली. मग जे म्हणाले ते इथे जसंच्या तसं ठेवतो. “मी दहातले तीन बरोबर सांगायचो आणि लोक मला मानायचे. तू पन्नासातले एकोणपन्नास चूक सांगतोस. तुला कळतंय का ही केवढी गोष्ट आहे? माझी नक्कल करणारे या मैदानात नऊजण आहेत. तुझ्यासारखा एकच.”

इतकी स्तुती मला कुणी केली नव्हती. ती ऐकून कुठे बघावं हेही कळेना.

शिक्का मात्र मारला नाही. परवा, दोन तारखेला मैदान उघडेल, त्या दिवशी तू स्वतःचाच घोडा सांग, मग बघू, म्हणाले.

१ जानेवारी, बुधवार

देवळात जाऊन आलो. काय मागावं हेच ठरेना. परत येऊन दोन महिन्यांचे कागद काढले. मनात असं आलं, की लोकांना चुकीचा घोडा हवा असेल तर मी मुद्दाम चुकीचा सांगू शकतो. ‘क’ श्रेणीतला सगळ्यात वाईट उचलायचा. जुन्या शर्यतींवर ताडून पाहिलं. मी ‘क’ दिलेले घोडे बऱ्याच वेळा जिंकलेत. म्हणजे मी चुकायचं ठरवलं तर त्यातही चुकेन.

मार्ग एकच उरतो. मनापासून बेरीज करायची, मनापासून विश्वास ठेवायचा आणि खोक्यावर उभं राहायचं. एकोणपन्नासाव्या वर्षी मला नोकरी मिळते आहे ती माझ्या प्रामाणिकपणावर. पतपेढीत या गुणाला रकाना नव्हता.

२ जानेवारी, गुरुवार

थंडी कडक, आकाश निळंभोर, मैदान भरलेलं. शिगेमात्सुसान आले होते. कागोशिमा नाही तर जाणार कुठे? माझ्यासमोर उभे राहिले, पण इतरांच्या मागे. कानावर पेन्सिल नव्हती. मी ती खोक्याच्या कडेवरून उचलून त्यांच्याकडे दिली आणि सांगितलं की आजची बेरीज माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल घेतली.

मी आठ नंबरचा मिनातो दारुमा सांगितला. सलग चार शर्यती जिंकलेला, जामीनदार भक्कम, ‘अ’ श्रेणी. सांगताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. त्याच्याबद्दल बोलता बोलता मला खरोखर खात्री वाटायला लागली, तीही पंच्याण्णवच्या वर, आणि माझा आवाज मोठा झाला. पलीकडचा ठेलेवाला बोलायचा थांबला. समोर तीसेक लाल पेन्सिली एकाच वेळी आठ नंबरवरून आडव्या फिरल्या. त्याचाही एक आवाज होतो, पाऊल वाळूवर घासल्यासारखा.

मग सगळे खिडक्यांकडे गेले. खोक्यावरून पुढची रांग पूर्ण दिसते. रांगेत फुमिनोही होती. ती परत आली आणि इतरांमध्ये न जाता माझ्या खोक्याशेजारी येऊन उभी राहिली, हातात तिकीट धरून.

दारुमा शेवटच्या वळणापर्यंत पहिला होता. तिथे त्याची मान वर आली, आणि मग एकेक घोडा त्याच्या बाजूने निघून गेला. नववा. ओताके मावशींनी गाडीवरून हात जोडले. टॅक्सीवाला नाचायचाच बाकी होता. शिगेमात्सुसान खिडकीवर जाऊन आले आणि माझ्याजवळ येऊन सांगितलं की विमानाचे नाहीत, पण आगगाडीचे झाले. आज संध्याकाळी निघतात, पोरांना पाकिटं दोन दिवस उशिरा मिळाली तरी चालतात. मी त्यांना शुभेच्छा दिल्या. सासरेबुवांनी खोक्यावर कागद ठेवला आणि शिक्क्यावर फुंकर मारून दाबला. ठेला माझा झाला.

गर्दी पांगल्यावर फुमिनोच्या हातातलं तिकीट मी पाहिलं. आठ नंबर. जिंकेल म्हणून. शंभर येन.

मी विचारलं, तुला तर ठाऊक होतं ना?

“तीस माणसांनी त्याच्यावर काट मारली,” ती म्हणाली. “त्याच्या नावाने ओरडायला कुणीतरी नको का?”

ती ओरडली होती. वळणावर, अगदी मोठ्याने, दोन्ही हात तोंडाशी धरून. मी खोक्यावर होतो, मला ऐकू आलं. घोड्यापर्यंत पोचलं नसावं.